वळिवड्याची बालशाळा आणि परदेशातली आपली नातवंडं



गांधीनगर म्हटलं की आपल्याला लग्नाचा बस्ता आठवतो. कोल्हापूर, सांगली, बेळगाव या भागातल्या आपल्या घरांत असं एखादंच लग्न असेल, ज्याची कापडखरेदी गांधीनगरात झाली नाही. माझं माहेर हातकणंगले तालुक्यातलं, त्यामुळे माझा बस्ता तिथलाच आणि सासरी मालवणला आल्यावर नणंदांचाही तिथलाच. पण फाळणीनंतर सिंधी बांधव येऊन तिथे पेठ वसवायच्या आधी त्या जागेवर काय होतं, हे आपल्यातल्या किती जणींना माहीत आहे? तिथे पोलंड देशातल्या पाच हजार माणसांचं गाव होतं. वळिवडे कॅम्प. त्यात बहुतेक बायका आणि मुलं. आणि त्या गावात अगदी चिमुरड्या पोरांसाठी बालशाळा होत्या. आज मला लिहायचंय ते त्या बालशाळांविषयी.

निमित्त घरचं आहे. थोरला मुलगा आणि सून बर्लिनला असतात. नात आता तीन वर्षांची होईल. तिला तिथल्या बालवाडीत घालायची गडबड चालू आहे. मुलाने परवा फोनवर विचारलं, "आई, तिथे सगळं जर्मनच असणार. ती गोंधळून जाईल. आतापासून घरीही जर्मन आणि इंग्लिशच बोलू का तिच्याशी?" तिथल्या कुणा अनुभवी बाईंनी तसा सल्ला दिला म्हणे. मी तेव्हा एवढंच म्हटलं, विचार करून सांगते. आपल्या समाजात आता घरटी एकतरी मूल दुबई, पुणे-बंगळूर नाहीतर अमेरिका-जर्मनीत आहे, त्यामुळे हा प्रश्न माझ्या एकटीचा नाही. आणि तो नवाही नाही. आपल्याच भागात, आपल्या आया लहान असताना, परक्या देशात येऊन पडलेल्या बायकांनी तो सोडवून दाखवलाय.

आधी ते लोक इथे आले कसे ते सांगते. १९३९ च्या सप्टेंबरात पोलंडवर एकीकडून जर्मनी आणि दुसरीकडून रशिया चालून आले आणि देश वाटून घेतला. पूर्वेकडचा भाग रशियाच्या ताब्यात गेला. १९४० च्या फेब्रुवारीपासून तिथली कुटुंबंच्या कुटुंबं मालगाड्यांत कोंबून सायबेरिया आणि कझाकस्तानकडे पाठवली गेली. ऐन थंडीत. वाटेत आणि तिथे पोचल्यावर किती लहान मुलं गेली याचा विचारही नको वाटतो. १९४१ मध्ये जर्मनीने रशियावरच हल्ला केला, तेव्हा रशियाला पोलिश लोकांशी समझोता करावा लागला आणि ही माणसं सुटली. पुरुष सैन्यात भरती झाले. बायका-मुलं १९४२ मध्ये कास्पियन समुद्र ओलांडून इराणात पोचली. पुढे त्यांना ठेवायचं कुठे? कुणाला आफ्रिकेत पाठवलं, कुणाला आपल्याकडे. नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी जामनगरजवळ बालाचडीला हजारभर पोलिश मुलांना आसरा दिला, त्यात पुष्कळ अनाथ होती. ती हकिकत बऱ्याच जणींनी ऐकली असेल. पण संख्येने पाहाल तर मोठं गाव आपल्या वळिवड्याचं. १९४३ मध्ये कोल्हापूर संस्थानात, कोल्हापूर-मिरज रेल्वेच्या कडेला हा कॅम्प उभा राहिला. तेव्हा कोल्हापूरच्या गादीवर कोण होतं माहीत आहे? दीड-दोन वर्षांचे बाल छत्रपती शिवाजी महाराज. म्हणजे राजाही बालवाडीच्याच वयाचा.

लांबच लांब कौलारू बराकी, त्यांचे खण पाडून एकेका कुटुंबाला दिलेले, समोर ओटी. कॅम्पात दवाखाना होता, चर्च होतं, नाटक-सिनेमाची जागा होती, मुला-मुलींचं स्काउटचं पथक होतं. खर्च लंडनमध्ये आश्रयाला असलेलं पोलिश सरकार भागवत होतं. आई सांगायची, माझे आजोबा भुईमुगाच्या शेंगा आणि भाजी घेऊन कॅम्पाच्या बाजारात जायचे. सोनेरी वेण्यांच्या मुली येऊन हाताच्या बोटांवर "एक, दोन, तीन" करून मराठीत मोजायच्या आणि "स्वस्त, स्वस्त" म्हणून हुज्जत घालायच्या. आईला त्यांच्या वेणीतल्या मोठ्या फितीच्या बोचं फार अप्रूप होतं. आजीने तसली फीत काही घेऊन दिली नाही, हे आई शेवटपर्यंत बोलून दाखवायची.

आता शाळेकडे येते. वळिवड्यात बालशाळा, प्राथमिक शाळा, त्यापुढची माध्यमिक शाळा, असं सगळं पोलिश भाषेत चालत होतं. मला सगळ्यात नवल वाटतं ते बालशाळांचं. मोठ्या मुलांची शाळा समजू शकते. त्यांची दोन-तीन वर्षं बुडालेली, परीक्षा द्यायच्या, पुढे पोटापाण्याला लागायचं. पण तीन-चार वर्षांच्या पोराला रांगेत बसवून गाणी शिकवायची गरज, युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या बायकांना का वाटावी? आई तर जवळच होती. खेळायला मैदान होतं. तशीच मोकळी सोडली असती तरी कुणी नावं ठेवली नसती.

थोडा विचार केला की उत्तर सापडतं. त्या पोरांपैकी कित्येकांना पोलंड आठवतच नव्हता. कुणी वर्षाचं असताना गाडीत चढलं, कुणी वाटेत जन्मलं. कझाकस्तानात त्यांच्या कानावर रशियन पडली, इराणात फारसी, इथे मराठी आणि इंग्रजी. घरात बोलणारी एकटी आई, तीही पोटासाठी राबणारी, नवऱ्याच्या पत्राची वाट बघणारी. यातल्या कितीतरी जणींचे नवरे आणि मुलगे त्या वेळी इटलीच्या आघाडीवर होते, आणि १९४४ च्या मे महिन्यात मोंते कासिनोला पोलिश सैन्याने जी लढाई दिली तिथून अनेकांची पत्रं यायची थांबली. अशा घरात मूल आईकडून काय ऐकणार? "ये, जेव, झोप, गप्प बस." एवढ्यावर भाषा उभी राहत नाही. गाणं लागतं, गोष्ट लागते, बरोबरीच्या पोरांशी भांडण लागतं. ते सगळं बालशाळेत होतं. शिकलेल्या शिक्षिका फारशा नव्हत्याच, युद्धात शिक्षकांची वाताहत झालेली. मग ज्या बायकांना चार अक्षरं जास्त येत होती त्या उभ्या राहिल्या.

मी वाणिज्य शाखेची, जमा-खर्च मांडायची सवय जात नाही. खर्चाच्या बाजूला एक मोठी रक्कम आहे, ती झाकून ठेवणं बरोबर नाही. ही शाळा 'आपण परत जाणार' या भरवशावर चालली होती. पण १९४५ मध्ये युद्ध संपलं तेव्हा यातल्या बहुतेकांची गावं ज्या पूर्व पोलंडात होती तो भाग रशियाकडेच राहिला. ब्रिटिशांनी जुलै १९४५ मध्ये लंडनच्या पोलिश सरकारची मान्यताही काढून घेतली. परत जायचं तर कुठे? १९४८ पर्यंत वळिवडे रिकामं झालं. काही जण पोलंडला गेले, पुष्कळसे इंग्लंडला, बाकीचे आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, अमेरिका, कॅनडा असे पांगले. ज्या मुलांना फक्त पोलिशमध्ये शिकवलं ती इंग्लंडच्या शाळेत पहिल्या दिवशी मुकी बसली असतील. एखादी म्हणेल, मग त्या शाळांचा उपयोग काय झाला?

उपयोग झालाच. ती मुलं इंग्रजी शिकली, मुलं शिकतातच. आणि पन्नास वर्षांनी, आजी-आजोबा झाल्यावर, भारतात राहिलेल्या पोलिश लोकांची संघटना करून त्यांनी आपल्या आठवणींचा जाडजूड ग्रंथ काढला. तो आधी पोलिश भाषेत निघाला आणि इंग्रजीत नंतर. जन्मभर इंग्रजी मुलखात राहून लिहायला पोलिश सुचली, म्हणजे वळिवड्याची शिकवणी मुरली होती. कोल्हापूरच्या महावीर उद्यानात त्यांचा स्मृतिस्तंभ आहे, कधी बागेत गेलात तर जरूर पाहा. पोलंडच्या राजधानीत, वॉर्सात, कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे आणि २०२४ च्या ऑगस्टमध्ये आपल्या पंतप्रधानांनी तिथे जाऊन फुलं वाहिली.

आता आमच्या सिंधुदुर्गातली एक हकिकत. मालवणहून दक्षिणेला वेंगुर्ले. तिथे अमेरिकन मिशनचं हॉस्पिटल होतं हे इथल्या जुन्या माणसांना ठाऊक आहे. तिथले डॉक्टर गोहीन. त्यांचा मुलगा रॉबर्ट १५ ऑगस्ट १९१९ रोजी वेंगुर्ल्यातच जन्मला. हा मुलगा पुढे अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठाचा अध्यक्ष झाला, आणि १९७७ मध्ये अमेरिकेचा राजदूत होऊन दिल्लीला आला. वेंगुर्ल्यात जन्मलेला माणूस! आमच्याकडे काजू-आंब्याचं जेवढं कौतुक होतं तेवढं याचं होत नाही, याचं मला वाईट वाटतं.

या परदेशी डॉक्टर-मास्तरांच्या मुलांचं शिक्षण कसं व्हायचं? लहानपणी सांभाळायला आया असे, तेव्हा मिशनरींच्या मुलांची पहिली बोली पुष्कळदा तिचीच असायची. अक्षरओळख आई घरीच करून द्यायची. आणि मूल जरा मोठं झालं की डोंगरावरच्या निवासी शाळेत. अमेरिकन मिशनऱ्यांची अशी शाळा दक्षिणेत कोडाईकनालला होती. १९०१ मध्ये मार्गारेट एडी नावाच्या बाईंनी ती एका जुन्या हॉटेलात १३ मुलांवर सुरू केली. रॉबर्ट गोहीन तिथेच शिकला आणि पंधराव्या वर्षी अमेरिकेला गेला.

वेंगुर्ल्याहून कोडाईकनाल हजारएक किलोमीटर. कोकण रेल्वे आली १९९८ ला. त्या काळी आंबोलीचा घाट चढून बेळगावची आगगाडी गाठायची, म्हणजे आई-बापांना पोराचं तोंड वर्षातून किती वेळा दिसणार? उन्हाळ्यात आया डोंगरावर जाऊन मुलांजवळ राहत, तेवढाच काय तो सहवास. शाळा उत्तम होती, भाषा घरची होती, धर्म घरचा होता, फक्त घर नव्हतं. वळिवड्याच्या बायकांकडे पैसा नव्हता, देश नव्हता, पण संध्याकाळी पोर कुशीत होतं. दोन्ही वाचल्यावर मला मुलं वळिवड्याची जास्त नशीबवान वाटली. हे माझं मत आहे. आमच्या घरात यावर एकमत नाही. आमचे हे स्वतः कोल्हापूरच्या दिगंबर जैन बोर्डिंगमध्ये राहून शिकले. शाहू महाराजांच्या आधाराने १९०१ मध्येच निघालेलं ते वसतिगृह, त्याच्यामुळे खेड्यापाड्यातली आपली मुलं शिकली हे मलाही मान्य आहे. पण तिथे जायची ती थोराड पोरं. तीन ते सहा या वयासाठी आपल्या समाजाने काही केलं नाही, कारण त्या वयाला घरात आजी होती. आजी हीच बालवाडी, असं सगळ्यांनी गृहीत धरलेलं. आता आजी मालवणात आणि नात बर्लिनला, तेव्हा ते गृहीत कोसळलंय.

कोडाईकनालवरूनच दुसऱ्या एका बाईंची आठवण होते. मारिया मॉन्टेसरी. शाळेच्या पाटीवर हे नाव आपण रोज वाचतो. या इटालियन बाई १९३९ मध्ये मद्रासला अड्यारला शिक्षिकांचा वर्ग घ्यायला आल्या. १९४० च्या जूनमध्ये इटली युद्धात उतरली आणि इंग्रजांच्या दृष्टीने त्या शत्रुदेशाच्या नागरिक झाल्या. त्यांचा मुलगा मारिओ याला पकडून कुठे ठेवला, तर आपल्या अहमदनगरला! बाईंच्या सत्तराव्या वाढदिवसाला, ३१ ऑगस्टला, त्याला सोडलं. पुढे १९४२ ते १९४४ ही वर्षं त्या कोडाईकनालला राहिल्या आणि तिथे देशोदेशीच्या मुलांची शाळा चालवली. त्यांचं म्हणणं साधं होतं. सहा वर्षांच्या आतलं मूल भाषा आपल्यासारखी घोकून शिकत नाही, भोवतालातून शोषून घेतं. या विषयावरचं त्यांचं गाजलेलं पुस्तक १९४९ मध्ये मद्रासमधूनच निघालं.

आपल्याकडे ताराबाई मोडक हे आधीच ओळखून होत्या. १९२३ मध्ये त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या बालमंदिरात गेल्या, १९३६ मध्ये दादरला शिशुविहार काढला, आणि १९४५ च्या डिसेंबरात बोर्डीला समुद्रकाठी खेड्यातल्या पोरांसाठी काम सुरू केलं. अनुताई वाघ त्यांना तिथेच मिळाल्या. मॉन्टेसरीची महागडी लाकडी साधनं बाजूला ठेवून ताराबाईंनी शिंपले, बिया, पानं, खडे वापरले. आमच्या मालवणच्या किनाऱ्यावर पोती भरतील एवढे शिंपले पडलेले असतात, पण आमच्याकडच्या आया आता प्लास्टिकची इंग्रजी अक्षरं ऑनलाइन मागवतात. असो.

जिथे असं काही केलं गेलं नाही तिथे काय झालं, तेही आमच्या किनाऱ्याने पाहिलंय. १८३४ नंतर रत्नागिरी-सिंधुदुर्ग पट्ट्यातून पुष्कळ माणसं उसाच्या मळ्यांवर करारी मजूर म्हणून मॉरिशसला गेली. त्यांचे वंशज आजही गणपती आणतात, मराठी आडनावं सांभाळतात. पण घरात बोलायची भाषा बहुतेकांची क्रिओल झाली. मराठी त्यांना शाळेत विषय म्हणून शिकावी लागते. दिवसभर मळ्यात राबणाऱ्या आयांना दोष कोण देईल?

आता बर्लिन. तिथल्या बालवाडीला 'किटा' म्हणतात. बालवाडीची कल्पनाच मुळात जर्मनीची, १८४० मध्ये फ्रोबेल या गृहस्थांनी 'किंडरगार्टन', म्हणजे मुलांची बाग, हे नाव दिलं. त्या देशात २०१३ पासून वर्ष पूर्ण झालेल्या प्रत्येक मुलाला अशा जागेचा कायद्याने हक्क आहे. बर्लिनमध्ये २०१८ पासून किटाची फी नाही, फक्त जेवणाचे वगैरे थोडे पैसे. सरकारी कचेरीकडून एक पास मिळवायचा आणि मग जागा शोधत हिंडायचं. हक्क असला तरी जागा मिळेलच असं नाही, सूनबाईने अकरा ठिकाणी नाव घातलं तेव्हा एका ठिकाणाहून होकार आला.

पण तिथली एक रीत मला फार आवडली. पहिले तीन दिवस आई किंवा बाबाने मुलाबरोबर वर्गातच बसायचं. थोडा वेळ, कोपऱ्यात, नुसतं बसायचं. चौथ्या दिवशी पहिल्यांदा काही मिनिटं बाहेर जाऊन बघायचं. मूल सावरलं तर वेळ वाढवायची, नाही सावरलं तर थांबायचं. दोन-तीन आठवडे यात जातात. आपल्याकडे पहिल्या दिवशी रडणारं पोर दाराशी हिसकावून घेतात आणि "दोन दिवस रडेल, मग गप्प बसेल" म्हणतात. गप्प बसतं हे खरं.

मुलाला मी काय सांगितलं ते लिहिते. हिशेबच मांडून दाखवला. नात आठवड्याला पाच दिवस, रोज आठ तास किटात असेल. झाले चाळीस तास जर्मन. संध्याकाळचे जागे तास चार धरले तर पाच दिवसांचे वीस, शनिवार-रविवारचे चोवीस. म्हणजे चव्वेचाळीस तास तुमच्या हातात. जर्मन शिकवायला सगळं बर्लिन शहर बसलंय, शिकलेल्या शिक्षिका आहेत, बरोबरीची पोरं आहेत. मराठी शिकवायला दोन माणसं. त्यांनीही जर्मन धरली, तीही तुमची मोडकीतोडकी, तर पोरीला जर्मन काही जास्त येणार नाही आणि मराठी मात्र जाईल. मुलाने थोडा वाद घातला. "ती मागे पडली तर?" मी म्हटलं, पहिले सहा महिने पडेल. वळिवड्याची मुलं इंग्लंडात पडली असतील तशी. पण आजीशी बोलता न येणारी नात मला नको.

मात्र वळिवड्यातली दुसरी गोष्टही मला विसरायची नाही. एकट्या आईच्या तोंडून भाषा टिकत नाही, चार तोंडं लागतात. म्हणून तिथल्या तीन मराठी घरांना सूनबाईने रविवारी सकाळी एकत्र बोलवायचं ठरवलंय. त्यात एक घर आपलं जैन, दोन नाहीत. मी म्हटलं, काही अडत नाही. आधी गाणी आणि गोष्टी होऊ देत. पाठशाळेसारखी पुस्तकं लगेच काढू नका. णमोकार मंत्र मी रोज संध्याकाळी व्हिडिओवर म्हणते, आमची संध्याकाळ म्हणजे तिथली दुपार असते, तेव्हा सुट्टीच्या दिवशी ती जेवता जेवता म्हणते. पाठ झालाय. अर्थ पुढे कळेल.

किटाचा अर्ज भरताना आहाराचा रकाना होता. सूनबाईने मांस, मासे, अंडी नाही असं स्पष्ट लिहिलं. कांदा-बटाट्याचं काय, असं तिने मला विचारलं. मी म्हटलं, ते घरापुरतं ठेवू या, तीन वर्षांच्या पोरीला ताटावर बसून वाद घालायला लावायचा नाही. घरच्या भाषेच्या रकान्यात तिने 'मराठी' लिहिलं. मग तिथल्या शिक्षिकेने स्वतःहून एक कागद मागितला. मुलीला पहिल्या दिवसांत लागतील असे दहा-बारा शब्द तुमच्या भाषेतले लिहून द्या, आम्ही पाठ करू. सूनबाईने लिहून दिले: पाणी, शू, भूक, झोप, दुखतंय, नको, आणखी, बाहेर, आई येणार, केळं. त्या बाईंना 'केळं' मधला 'ळ' काही केल्या म्हणता येईना, तेव्हा नात त्यांच्या समोर तोंड उघडून उभी राहिली आणि जीभ वर कुठे लावायची ते दाखवू लागली.